रेंज आहे पण नेट नाही, ओटीपी येत नाही: परदेशात फोन अडला की कुठून सुरुवात करायची

ठाण्याच्या नौपाड्यात आमचं मोबाइलचं दुकान आहे. मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी लागली की दुकानाच्या व्हॉट्सॲपवर परदेशातून मेसेज यायला लागतात. कोणी दुबईच्या विमानतळावर बॅगेची वाट बघत उभं असतं, कोणी सिंगापूरला हॉटेलच्या लॉबीत बसलेलं असतं. "दादा, रेंज फुल आहे पण नेट नाही." "बँकेचा ओटीपीच येत नाहीये." "ईसिम टाकून दिलं होतंत ना, आता दिसतच नाही." देश बदलतात, तक्रारी त्याच. म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट पक्की करा. बाहेरगावी फोनकडून आपल्याला दोन वेगळी कामं हवी असतात. एक म्हणजे नेट: नकाशा, व्हॉट्सॲप, टॅक्सी. दुसरं म्हणजे आपला भारतीय नंबर: बँकेचे मेसेज, ओटीपी, यूपीआय. इथे ठाण्यात दोन्ही कामं एकच सिम करतं, त्यामुळे ती वेगळी आहेत हे कधी जाणवत नाही. परदेशात नेट कुठूनही मिळवता येतं. रोमिंग पॅक आहे, ईसिम (प्लॅस्टिकच्या कार्डाशिवाय, क्यूआर कोड स्कॅन करून फोनमध्ये टाकायचं सिम) आहे, तिथलं सिम आहे, हॉटेलचं वाय-फाय आहे, सोबतच्या माणसाचा हॉटस्पॉट आहे. ओटीपी मात्र त्या एकाच सिमवर येणार. नेटसाठी खटपट करताना ते सिम बंद करून ठेवलं, काढून पर्समध्ये टाकलं किंवा हरवलं, की खरी पंचाईत होते.

"रेंज दिसते, नेट नाही"

सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही. विमानातून उतरल्यावर फोनला चारपाच मिनिटं द्या. नव्या देशातलं नेटवर्क शोधून त्याला तिथे नोंद व्हायची असते. तेवढ्यात सेटिंगमध्ये दहा ठिकाणी बोटं घातली तर नंतर नेमकं काय बदललं तेच कळत नाही. थांबूनही झालं नाही तर फ्लाइट मोड लावा, अर्ध्या मिनिटाने काढा. तरीही नाही तर फोन बंद करून चालू करा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी घाईत कोणी करत नाही.

पुढे बघायचं ते हे, की मोबाइल डेटा कोणत्या सिमवर लावलाय. ईसिम घेतलेल्यांचं इथेच अडतं. ईसिम फोनमध्ये असतं, चालूही असतं, पण डेटा अजून भारतीय सिमवरच असतो. सेटिंगमध्ये मोबाइल डेटासाठी नवं ईसिम निवडा.

मग डेटा रोमिंगचं बटण. "रोमिंग चालू केलं तर हजारोंचं बिल येईल" अशी धास्ती लोकांच्या मनात इतकी बसलीय की ईसिमवरही ते बटण बंद ठेवतात आणि मग नेट येत नाही म्हणून फोन करतात. प्रवासासाठी विकत मिळणारं ईसिम बहुतेक वेळा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं. जिथे तुम्ही उतरलात तिथल्या नेटवर्कवर ते पाहुणं म्हणून चालतं, त्यामुळे फोनच्या लेखी ते रोमिंगच असतं. तुम्ही पैसे आधीच भरलेत, वेगळं बिल येण्याचा प्रश्न नाही. तेव्हा ईसिमवर डेटा रोमिंग चालू आणि भारतीय सिमवर बंद. भारतीय कंपनीचाच रोमिंग पॅक घेतला असेल तर अर्थात भारतीय सिमवरच ते चालू करावं लागेल.

याच ठिकाणी आणखी एक खोडी आहे. आयफोनमध्ये 'अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग' नावाचं बटण असतं, बऱ्याच अँड्रॉइडमध्ये 'ऑटो डेटा स्विचिंग' असतं. एका सिमची रेंज कमी झाली की फोन न विचारता दुसऱ्या सिमवरून नेट घ्यायला लागतो. इथे ते सोयीचं वाटतं. तिकडे ते बंदच हवं.

इतकं करूनही नेट नसेल तर एपीएन बघा, म्हणजे फोनने कंपनीच्या नेटला कुठून जोडायचं ते सांगणारं नाव. ईसिम घेताना आलेल्या मेलमध्ये एपीएन म्हणून एखादा छोटा शब्द दिलेला असतो. तो मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जसाच्या तसा टाकायचा, बाकीचे रकाने मोकळे ठेवायचे. बहुतेक फोन हे आपोआप करतात, पण जुन्या अँड्रॉइडमध्ये हाताने टाकावं लागतं.

शेवटचा उपाय म्हणजे नेटवर्क हाताने निवडणं. तुमच्या पॅकचा करार त्या देशातल्या एखाद्दुसऱ्या कंपनीशीच असतो. फोन मात्र ज्याची रेंज चांगली त्याला चिकटतो, आणि म्हणूनच काड्या फुल दिसतात पण नेट शून्य. सेटिंगमध्ये 'नेटवर्क ऑपरेटर' किंवा 'नेटवर्क सिलेक्शन'मध्ये जा, 'ऑटोमॅटिक' बंद करा, एकदोन मिनिटांत यादी येईल, तिच्यातून पॅकमध्ये लिहिलेली कंपनी निवडा. कोणत्या कंपन्या चालतात याचा स्क्रीनशॉट निघण्याआधी काढून ठेवला असेल तर हे काम सोपं होतं, नाहीतर यादीतली एकेक करून बघावी लागते. दुसऱ्या देशात गेल्यावर ते पुन्हा 'ऑटोमॅटिक'वर न्यायला विसरू नका. ते राहिलं तर पुढच्या देशात फोन जुनीच कंपनी शोधत बसतो.

युरोपच्या टूरवाल्यांसाठी वेगळं सांगतो. आपल्याकडच्या सगळ्या टूरमध्ये स्वित्झर्लंड असतंच, आणि स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. 'युरोप' असं नाव असलेल्या प्रत्येक पॅकमध्ये ते असेलच असं नाही. ब्रिटनचंही तेच. पॅरिसला नेट उत्तम चालतं आणि बस स्विस हद्दीत शिरली की बंद पडतं, ते याच कारणाने. पैसे भरण्याआधी पॅकखालची देशांची यादी उघडून स्वित्झर्लंड आणि ब्रिटन ही दोन नावं डोळ्यांनी बघा.

ईसिम घ्यावं की रोमिंग पॅक, हे दुकानात रोज विचारतात. माझं मत असं: आठवड्याच्या आतली ट्रिप असेल आणि फोनच्या सेटिंगचा कंटाळा असेल तर आपल्या कंपनीचा रोमिंग पॅक मारा, चार पैसे जास्त जातील पण डोकं शांत राहील. मोठी ट्रिप, जास्त नेट किंवा घरातली चारपाच माणसं असतील तर ईसिम. चौघांना चार घ्यायची गरज नाही, दोघांकडे असलं तरी हॉटस्पॉटवर भागतं. फक्त त्या पॅकवर हॉटस्पॉट चालतो का ते आधी वाचा. आणि कुटुंबात एकाच्याच फोनवर सगळं ठेवू नका. तो माणूस मुलांना घेऊन पाळण्यात बसला की बाकीचे खाली मुके उभे.

"ईसिम टाकलं होतं, आता गायब"

फोन ईसिम घेतो का हे आधी तपासा. डायलरवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. आयएमईआयच्या (फोनच्या ओळख क्रमांकाच्या) सोबत ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला तर ईसिम चालतं. आयफोनमध्ये २०१८च्या एक्सआर, एक्सएस मॉडेलपासून ही सोय आहे. अँड्रॉइडमध्ये महागड्या फोनला असते, मधल्या किमतीच्या फोनचं सांगता येत नाही, तपासूनच बघा.

गायब होण्याची कारणं साधी असतात. नेट चालेना म्हणून वैतागून कोणीतरी ईसिम 'डिलीट' केलेलं असतं, 'बंद' करण्याऐवजी. बऱ्याच कंपन्यांचा क्यूआर कोड एकदाच चालतो. डिलीट केलं की तोच कोड पुन्हा स्कॅन करून उपयोग नाही, कंपनीला मेल करून नवा मागावा लागतो, आणि मेल करायला नेट नाही. म्हणून काहीही झालं तरी डिलीट करू नका.

दुसरं, ईसिम टाकायलाच नेट लागतं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या टॅक्सीत बसून सहार विमानतळावर पोहोचेपर्यंत ईसिम टाकायचा प्रयत्न करणारे गिऱ्हाईक मला माहीत आहेत. क्यूआर कोड त्याच फोनच्या मेलमध्ये, आणि त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन कसा करणार? कोडची प्रिंट काढा किंवा घरातल्या दुसऱ्या फोनवर उघडा, आणि निघण्याच्या एकदोन दिवस आधी घरच्या वाय-फायवर बसून टाका. बहुतेक पॅकचे दिवस तिथलं नेटवर्क पकडल्यावर मोजायला सुरुवात होते, पण काही पॅक टाकल्या क्षणापासून सुरू होतात. ते वाचून घ्या. टाकलेल्या ईसिमला सेटिंगमध्ये 'जपान' किंवा 'दुबई' असं नाव देऊन ठेवा, म्हणजे 'प्रायमरी', 'सेकंडरी'च्या गोंधळात चुकीचं बटण दाबलं जात नाही.

"ओटीपी येत नाही"

हे जास्त गंभीर. नेट नसलं तर गैरसोय होते, ओटीपी नसला तर पैसे अडकतात.

पहिलं कारण: भारतीय सिमच बंद करून ठेवलंय. बिलाच्या भीतीने लोक सेटिंगमधून ती अख्खी लाइनच बंद करतात. तसं करू नका. लाइन चालू, तिच्यावरचा डेटा रोमिंग बंद, बस. येणाऱ्या एसएमएसचे पैसे आपल्या कंपन्या रोमिंगमध्ये सहसा घेत नाहीत. पैसे लागतात ते कॉल उचलल्यावर, कॉल केल्यावर आणि एसएमएस पाठवल्यावर. भारतातून कोणाचा साधा कॉल आला तर कापा आणि व्हॉट्सॲपवर लावा.

दुसरं कारण: त्या सिमवर इंटरनॅशनल रोमिंग सुरूच केलेलं नाही. पॅक न घेता सिम तिथे नुसती रेंज पकडेल का, हे कंपनी आणि प्लॅनप्रमाणे बदलतं. कंपनीच्या ॲपमध्ये आयआर किंवा इंटरनॅशनल रोमिंग चालू करून ठेवा, आणि कस्टमर केअरला स्पष्ट विचारा, "मला फक्त ओटीपी हवेत, कोणता रिचार्ज लागेल?" शंका असेल तर सगळ्यात छोटा पॅक मारून टाका.

तिसरं कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. सिम बदललं, मग ते हरवलं म्हणून असो, खराब झालं म्हणून असो किंवा प्लॅस्टिकच्या सिमचं ईसिम करून घेतलं म्हणून असो, त्यानंतर २४ तास त्या नंबरवर एसएमएस येतही नाहीत आणि जातही नाहीत. सिम-स्वॅपच्या फसवणुकीला, म्हणजे चोराने तुमच्या नंबरचं नवं सिम काढून ओटीपी पळवण्याला, आळा बसावा म्हणून दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये कंपन्यांना तसं बजावलेलं आहे. रात्रीचं विमान आणि दुपारी दुकानात येऊन "हे सिम ईसिम करून द्या" म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो. मुलाने अमेरिकेतून पाठवलेला आयफोन वापरणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना १४व्या मॉडेलपासून, म्हणजे २०२२ पासून, सिमचा ट्रेच नसतो. त्यात आपला नंबर घालायचा तर ईसिमच करावं लागतं. ते निदान आठवडाभर आधी करा आणि नंतर बँकेचं ॲप, यूपीआय सगळं एकदा उघडून बघा, कारण सिम बदललं की ही ॲप्स बऱ्याचदा पुन्हा पडताळणी मागतात. यूपीआयच्या पडताळणीत तुमचा फोन स्वतःहून एक एसएमएस पाठवतो. परदेशातून तो जाईलच याची खात्री नाही.

ही तिन्ही कारणं नसतील तर भारतीय सिमचं नेटवर्कही हाताने बदलून बघा, वर सांगितलं तसंच. अँड्रॉइडवर मेसेजच्या ॲपमधला 'स्पॅम अँड ब्लॉक्ड' हा कप्पा उघडा, ओटीपी तिथे जाऊन पडलेला सापडतो. फोनची वेळ आपोआप सेट होतेय ना ते बघा. वेळ हाताने बदलून ठेवली असेल तर ऑथेंटिकेटर ॲपचे (लॉगिनसाठी सतत बदलणारा कोड दाखवणाऱ्या ॲपचे) कोड चुकीचे निघतात.

ओटीपीला पर्यायही असतात. काही बँका मेलवरही ओटीपी पाठवतात, ती सोय आधी सुरू करून घ्या. गूगल खात्याचे बॅकअप कोड मिळतात, आठ आकडी दहा कोड असतात, ते कागदावर उतरवून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. तिकडे फोन चोरीला गेला तर त्या कागदावरच मेल उघडेल. मात्र एसएमएस आपोआप दुसऱ्या नंबरवर पाठवणारी फुकटची ॲप्स टाकू नका. तुमचा प्रत्येक ओटीपी कोणा अनोळखी माणसाच्या सर्व्हरवरून जातो. आणि "सर, तुमचं रोमिंग बंद पडलंय, हे ॲप टाका" असा फोन आला तर कापून टाका.

व्हॉट्सॲपबद्दल एकच. नवं सिम टाकल्यावर ते "नंबर बदलायचा का?" असं विचारतं. नाही म्हणा. तुमचा जुना नंबर नव्या नेटवर तसाच चालतो. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने अशा मेसेजिंग ॲप्सना आदेश दिला की ज्या नंबरवर खातं आहे ते सिम फोनमध्ये चालू असल्याशिवाय ॲप चालू देऊ नये. तेव्हा भारतीय सिम फोनमधून काढायचं नाही, याला आता आणखी एक कारण झालं.

"वाय-फाय लागलंय, पण काही उघडत नाही"

हॉटेल किंवा विमानतळाच्या वाय-फायला जोडल्यावर नाव, खोली क्रमांक विचारणारं एक पान उघडावं लागतं. ते आलं नाही तर नेट येणार नाही. व्हीपीएन बंद करा, अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' कधी काळी चालू केलं असेल तर तेही बंद करा, मोबाइल डेटा थोडा वेळ बंद ठेवा, वाय-फाय 'फर्गेट' करून पुन्हा जोडा. बहुतेकदा पान येतं.

काही ठिकाणी फोन नादुरुस्त नसतोच, तिथला कायदाच तसा असतो. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज आणि फोटो जातात, कॉल लागत नाहीत. दुबईला पोहोचल्यावर "पोचलो" सांगायला व्हिडिओ कॉल लागला नाही म्हणून घरच्यांनी घाबरू नये, व्हॉइस मेसेज पाठवावा. तिथे राहणारे लोक बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप्स वापरतात. चीनमध्ये गूगल, जीमेल, व्हॉट्सॲप हॉटेलच्या वाय-फायवर उघडत नाहीत. भारतीय रोमिंगवर किंवा बाहेरच्या ईसिमवर ते सहसा चालतात, कारण तो डेटा चीनबाहेरून फिरून येतो. म्हणजे चीनला जाताना वाय-फायच्या भरवशावर जाऊ नये.

"नकाशा चालत नाही, टॅक्सी मिळत नाही, गेट उघडत नाही"

जीपीएसला नेट लागत नाही. निळा ठिपका नेटशिवायही दिसतो, फक्त त्याच्याखालचा नकाशा हवा. गूगल मॅप्समध्ये त्या शहराचा ऑफलाइन नकाशा घरीच उतरवून घ्या. पण त्याची एक मर्यादा लोकांना ऐनवेळी कळते: ऑफलाइन असताना गूगल फक्त गाडीचा रस्ता दाखवतो. पायी कसं जायचं, कोणती बस, कोणती मेट्रो, हे दाखवत नाही. पर्यटक तर चालतच असतो. त्यासाठी ऑरगॅनिक मॅप्ससारखं ॲप घ्या, ते पायवाटाही ऑफलाइन दाखवतं. दक्षिण कोरियात गूगल मॅप्स पायी रस्ता दाखवण्यात कायम कमी पडत आलाय, तिथे नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप लागतं. हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत स्क्रीनशॉट काढून ठेवा. जपान, थायलंड, चीनमध्ये टॅक्सीवाल्याला इंग्रजी पत्ता दाखवून काही हाती लागत नाही.

टॅक्सीचं ॲप इथेच टाका आणि इथेच आपल्या नंबरवर नोंदणी करा. प्रवासाच्या ईसिमला बहुधा नंबरच नसतो, नुसतं नेट असतं. त्यामुळे तिथे जाऊन नोंदणी करायला गेलात की पुन्हा ओटीपीपाशी अडणार. सिंगापूर, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, व्हिएतनाममध्ये उबर नाही. २०१८ मध्ये त्यांनी तिथला धंदा ग्रॅबला विकला. तेव्हा ग्रॅब घ्या. दुबईत उबर आहे आणि करीमही.

विमानतळावर हमखास घडणारा प्रकार असा. आत वाय-फायवर टॅक्सी बुक होते, गाडीचा नंबर येतो, तुम्ही बॅगा ढकलत पिकअपच्या मजल्यावर जाता, आणि काचेच्या दारातून बाहेर पडलात की वाय-फाय सुटतं. आता ड्रायव्हरचा मेसेज येत नाही, गाडी कुठे आहे दिसत नाही, पाच मिनिटांत तो रद्द करून जातो आणि पैसेही कापले जातात. बुक केल्यावर आत असतानाच गाडीचा नंबर आणि पिकअपचा दरवाजा क्रमांक दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. त्याहून बरं म्हणजे आधी स्वतःचं नेट चालू करा, मगच गाडी बोलवा.

आता मेट्रोचं गेट. लंडनमध्ये आणि सिंगापूरमध्ये वेगळं तिकीट काढायची गरज नाही, तुमचं बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड गेटवर टॅप केलं की झालं. तरी आपल्या लोकांचं कार्ड लाल दिवा दाखवतं. कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतं, बाकी सगळं ग्राहकाने स्वतः चालू करायचं. बँकेच्या ॲपमध्ये 'मॅनेज कार्ड' उघडलं की ओळीने बटणं दिसतात: एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन, कॉन्टॅक्टलेस. वर 'डोमेस्टिक' आणि 'इंटरनॅशनल' असे दोन भाग असतात. लोक 'इंटरनॅशनल'मधलं दुकानाचं बटण चालू करतात आणि कॉन्टॅक्टलेस तसंच बंद राहतं. गेटला तेच हवं असतं. लागतील ती सगळी चालू करा, मर्यादा ठरवा, परत आल्यावर बंद करा.

लंडनमध्ये प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं, एकाच कार्डावर नवराबायको आत जाऊ शकत नाहीत. आणि भुयारी रेल्वेतून उतरून बाहेर पडतानाही टॅप करायचं असतं, तेही त्याच कार्डाने. ठाणे स्टेशनात आपल्याला गेटची सवयच नाही, उतरायचं आणि पुलाकडे धावायचं. तिथे टॅप न करता बाहेर पडलात तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. लंडनच्या बसमध्ये मात्र चढताना एकदाच टॅप, आणि रोख पैसे २०१४ पासून चालतच नाहीत. सिंगापूरमध्ये परदेशी कार्डाला वापराच्या दिवसाला ६० सेंट जादा लागतात, ते पैसे कुठे गेले म्हणून शोधू नका. दुबई मेट्रोला नोल कार्ड घ्या. तिथे महिला आणि मुलांच्या डब्यात पुरुष शिरला किंवा डब्यात खाल्लं-प्यायलं तर १०० दिरहॅम दंड आहे, हे नेटशी संबंधित नसलं तरी सांगून ठेवतो. टोकियोत सुइका कार्ड आयफोनच्या वॉलेटमध्ये घालता येतं. भारतात घेतलेल्या अँड्रॉइडवर ते होत नाही, कारण त्यात जपानला लागणारी फेलिकाची (तिथल्या टॅप कार्डांच्या तंत्राची) सोय नसते. त्यांनी सरळ प्लॅस्टिकचं कार्ड घ्यावं, मशीनमध्ये रोख येन घालून भरता येतं.

यूपीआय काही देशांत काही दुकानांत चालतं: भूतान, नेपाळ, सिंगापूर, अमिराती, मॉरिशस, श्रीलंका, फ्रान्स. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर वेगळा चालू करावा लागतो. त्याच्या भरवशावर रोख न घेता जाऊ नका. आणि कार्ड मशीनवर "रुपयांत की तिथल्या चलनात?" असं विचारलं तर तिथलं चलन दाबा. रुपयांचा भाव ते त्यांच्या सोयीने लावतात.

"बिल आलंच कसं?"

पोस्टपेडवाल्यांना हा धक्का बसतो. डेटा रोमिंग बंद होतं, तरी बिल. एक कारण म्हणजे विमान. काही विमानांत हवेत मोबाइल नेटवर्क असतं आणि फ्लाइट मोड न लावलेला फोन त्याला चिकटतो. तुमच्या देशाच्या पॅकमध्ये ते धरलेलं नसतं. दुसरं, आयफोन नव्या सिमवर आयमेसेज आणि फेसटाइम सुरू करताना गुपचूप एक आंतरराष्ट्रीय एसएमएस पाठवतो. तिसरं, उचललेले कॉल. "मी फक्त हॅलो म्हणालो" असं सांगणारे भेटतात. हॅलोचेही पैसे लागतात.

बिलाशी संबंध नाही, पण चार्जिंगचंही सांगून ठेवतो. पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका, केबिनमध्येच न्यायची असते. साधारण १०० वॅट-अवरपर्यंत, म्हणजे २७,००० एमएएचच्या आसपास, न विचारता चालते. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच पॉवर बँक ठेवलीय आणि विमानात ती वापरायला बंदी आहे. दुबई, सिंगापूर, लंडन तिन्हीकडे चौकोनी जाड तीन पिनांचं सॉकेट असतं, एकच ॲडॉप्टर तिन्हीकडे पुरतो.

सहा महिन्यांसाठी जाणारे आईबाबा

पाचपाखाडी, वर्तकनगर, हिरानंदानी, जिथे बघाल तिथे कोणाचे तरी आईवडील सूनबाईच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सी नाहीतर कॅलिफोर्नियाला निघालेले असतात. तिथे मुलगा त्यांना फॅमिली प्लॅनवर सिम घेऊन देतो, नेटचा प्रश्न मिटतो. आणि भारतीय सिम पाकिटात गुंडाळून कपाटात जातं. चार महिन्यांनी पेन्शनच्या खात्यातून एफडी करायची असते आणि ओटीपीला नंबरच जिवंत नसतो.

प्रीपेड नंबरवर ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढे तो नंबर दुसऱ्याला मिळू शकतो. तुमच्या बँकेचे मेसेज मग त्याला जाणार. म्हणून निघण्याआधी ३६५ दिवसांचा रिचार्ज मारा. ८४ दिवसांचा नको, तो मध्येच संपतो आणि तिकडे कोणाला तारीख आठवत नाही. रोमिंग चालू करून घ्या. फोनला दोन सिम बसत असतील तर दोन्ही त्याच फोनमध्ये ठेवा. बसत नसतील तर भारतीय सिम जुन्या फोनमध्ये घालून तो फोन चार्जरजवळ एका जागी ठेवा, कपाटात नको. घरच्या सगळ्यांचे नंबर अधिक ९१ लावून सेव्ह करा. दहा आकडी नंबर तिथून लागत नाही, आणि "मुलीला फोनच लागत नाही" म्हणून वडीलधारी माणसं उगाच घाबरतात.

रिचार्ज इथून कोणीही करू शकतो, शेजाऱ्यांनी केला तरी चालतो. सिम हरवलं तर मात्र त्यांच्या बदल्यात इथे भाऊ किंवा पुतण्या येऊन नवं सिम घेऊ शकत नाही. ज्याच्या नावावर नंबर आहे त्या माणसाची ओळख पटवावी लागते, आणि तो माणूस न्यू जर्सीत बसलेला असतो. त्या सहा महिन्यांत सिम काढायची पिन त्यांच्या हाती लागणार नाही एवढं बघा.